चौथ्या मजल्याची किल्ली

आल्माग्रोत, फुलवाला आणि लॉटरीवाला यांच्या मधे
साडेचार फूट रुंदीचं माझं दुकान.
सत्तावीस वर्षं किल्ल्या कोरते आहे.
हाताला पितळेचा वास. साबणाने जात नाही,
लिंबाने थोडा जातो.

ब्युनोस आयरेसमध्ये म्हणे दर इमारतीत एक तरी माणूस
दुसऱ्याचं ऐकून घ्यायचे पैसे घेतो.
मला विचारा. त्यांच्या किल्ल्या माझ्याकडेच होतात.
एकच खोली सात जण तासावर वाटून घेतात,
म्हणजे सात संच: खालचं दार, लिफ्टची जाळी, खोली.
कोण सोमवारी बसतं, कोण भाडं थकवून बसतं,
कुणाचं दार दमट हवेत फुगतं,
सगळं ठाऊक.

आणि मार्चपासून
रात्री तीनला उठून मी माझ्याच दाराचं कुलूप चाचपते.
एकदा. मग परत. अकरा वेळा.
अकरा झाले की झोप येते असं नाही,
मोजणं तेवढं संपतं.

रोसिओ बार्सिलोनाला गेली. जाताना
घराची किल्ली टेबलावर ठेवली, मिठाच्या बरणीजवळ.
"माझ्याकडून हरवेल," म्हणाली. खरंच हरवली असती.
ती नऊ वर्षांची असताना मीच कोरली होती,
एक दात जरा खोल गेला,
म्हणून फिरवताना किंचित उचलावी लागते.
हे जगात दोघींनाच माहीत.

शोधायला लागले.
पहिलीने फी डॉलरमध्ये सांगितली.
दुसरा म्हणाला, ऑक्टोबर. तेव्हा जुलै चालू होता.
तिसऱ्याची फोनवर एक, गुरुवारी पोचले तर दुसरी.
"महागाई," म्हणाला, आणि खरंच ओशाळला.
मी काय बोलणार, माझाही दर खडूनेच लिहिलेला असतो.
चौथी गोड होती. पण तिच्या मागच्या कपाटाचं दार
अर्धवट उघडं होतं, आणि पाऊण तास
मी त्याच्याकडेच बघत बसले.
परत गेले नाही.

फुलवाल्याच्या नेलिदाने सांगितलं, सरकारी इस्पितळ, फुकट,
पहाटे पाचला रांग लाव.
लावली. तोंडातून वाफ निघत होती.
माझ्यापुढे शाळेच्या गणवेशातला मुलगा, एकटाच.
मागचा टॅक्सीवाला मातेचा कप पुढे करत होता.
काय झालं, असं कुणी कुणाला विचारलं नाही.
नवीन आलेला फक्त म्हणायचा, "शेवटचं कोण?"
आणि अंधारात एक हात वर व्हायचा.
चोवीस नंबर वाटले. मुलगा चोविसावा.
खिडकीतली बाई मला म्हणाली, "उद्या."

त्याच दुपारी बार्रागान आला,
कुलपात मोडलेल्या किल्लीचा अर्धा तुकडा घेऊन.
चौथा मजला, मागची खोली. मी ओळखलं.
कानस चालवता चालवता, मान वर न करता विचारलं,
"माझ्यासारखीचे किती घेता?"

यंत्राचा आवाज थांबेपर्यंत तो गप्प.
मग म्हणाला, "मी नको.
मी रोज तुमच्या दुकानावरून जातो, तुम्हाला मोकळं वाटणार नाही.
इवोन आहे. बुधवारी, त्याच खोलीत.
जमेल तेवढं घेते, आणि मागून वाढवत नाही."
किल्लीचे पैसे त्याने पूर्ण दिले.
मीही कमी केले नाहीत.

बुधवारी वर गेले. इवोन वयाने रोसिओएवढी,
एका पायमोज्याला भोक.
आईबद्दल विचारेल म्हणून तयारी करून गेले होते.
आणि बोलले काय, तर कुलपाबद्दल.
पन्नास मिनिटं. लिव्हर, स्प्रिंग, खोल गेलेला दात.
स्वतःचीच कीव आली.
तिने कागदावरून नजर उचलली:
"कितवा दात?"

सत्तावीस वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही.
"तिसरा," म्हणाले,
आणि मग बराच वेळ काही म्हणता आलं नाही.

रात्री अकरा वेळाच उठले. खोटं कशाला सांगू?
पण आठव्या खेपेला, अंधारात, कडीवर हात असताना
मनात आलं,
हे बुधवारी सांगायचं.